दहशतवादी हल्ल्यानंतर तुमच्या फोनचं काय होतं? सुरक्षा, प्रायव्हसी आणि माझं मत



आजचा लेख नेहमीसारखा नाही. दरवेळी आपण एखादं अॅप, एखादं सेटिंग किंवा नवीन फोन समजून घेतो. आज मात्र एका प्रश्नावर बोलायचं आहे, जो माझ्याच घरात भांडणाचं कारण झाला.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला हल्ला झाला. २६ जण गेले, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा. त्यानंतरच्या आठवड्यात रात्री साडेदहाला मी स्टेशनवरून घरी येत होतो. रस्त्यात नाकाबंदी होती. पोलिसांनी बॅग तपासली, ते ठीक. मग एकाने सांगितलं, "फोन अनलॉक कर." मी केला. त्यांनी गॅलरी पाहिली, व्हॉट्सअॅप उघडलं, दोन-तीन ग्रुप खालीवर केले आणि फोन परत दिला. "जा." जेमतेम दोन मिनिटं लागली असतील.

घरी येऊन मी चिडून सांगितलं. त्या फोनमध्ये आईचे हॉस्पिटलचे रिपोर्ट होते, मित्राने रडत रडत पाठवलेले मेसेज होते. बाबा जेवताना वर न बघता म्हणाले, "मग काय झालं? लपवण्यासारखं काही नाही ना तुझ्याकडे?"

"बाबा, प्रश्न लपवण्याचा नाहीये."

"माझा फोन नेऊ देत. सगळं बघू देत. फक्त गाडीत बॉम्ब फुटायला नको."

आता इथे बाबांची बाजू सांगायला हवी. आम्ही भाईंदरला राहतो. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८० हून जास्त माणसं गेली. मी तेव्हा चौथीत होतो. बाबा चर्चगेटहून निघाले होते. नेटवर्क पूर्ण जाम होतं. आई दर मिनिटाला फोन लावत होती. रात्री पावणेबाराला बाबा दारात उभे राहिले, दादरपासून चालत, कोणाच्या तरी टेम्पोत बसून आलेले. नेहमीची गाडी चुकली म्हणून वाचले. त्यामुळे ते "फोन बघू देत" म्हणतात तेव्हा मला त्यांची चेष्टा करता येत नाही.

पण त्या रात्रीनंतर मी बरंच वाचलं. हल्ला झाल्यावर सरकार, पोलीस आणि कंपन्या आपल्या फोनबाबत नेमकं काय करतात, त्यातलं काय उपयोगाचं ठरतं आणि काय नाही, ते आज पाहू. तथ्यं आणि माझं मत वेगवेगळं ठेवायचा प्रयत्न करतो. चला तर मग.

आधी समजून घ्या : फोनमधून कोणाला काय दिसतं?

"फोनवर पाळत" हा शब्द आपण सरसकट वापरतो. खरं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, बोलणं. म्हणजे साधा कॉल आणि एसएमएस. हे टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून जातं, त्यामुळे कायदेशीर आदेश असेल तर ऐकता येतं. व्हॉट्सअॅप किंवा सिग्नलवरचं बोलणं वेगळं. तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असतं. मेसेज तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि त्याची चावी फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. व्हॉट्सअॅपने हे २०१६ मध्ये सगळ्यांसाठी सुरू केलं.

दुसरी गोष्ट, बोलण्याबद्दलची माहिती, म्हणजे मेटाडेटा. पोलीस ज्याला सीडीआर म्हणतात तो हाच. तुम्ही कोणाला फोन केला, किती वाजता, किती मिनिटं बोललात आणि तेव्हा कोणत्या टॉवरखाली होतात. भारतात टेलिकॉम कंपन्यांना असे रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. लोकांना वाटतं, बोलणं ऐकलं नाही ना, मग काय बिघडलं? पण विचार करा. एका मुलीने सकाळी स्त्रीरोगतज्ज्ञाला फोन केला, दुपारी मैत्रिणीशी तासभर बोलली, रात्री एक वाजता मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला. एक शब्दही न ऐकता तुम्हाला तिची गोष्ट कळली.

तिसरी गोष्ट, फोन स्वतः. एकदा तो अनलॉक झाला की एन्क्रिप्शनचा उपयोग संपला. कुलूप रस्त्यातल्या चोरासाठी असतं. दारच उघडं ठेवलं तर ते काय करणार? नाकाबंदीत माझं तेच झालं.

या तीन गोष्टींसाठी लागणारी परवानगी वेगळी आणि होणारा त्रासही वेगळा. म्हणून "सुरक्षेसाठी पाळत हवी की नको" हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोणती पाळत, कोणावर, कोणाच्या सहीने आणि किती दिवस, हे विचारायला हवं.

२६/११ ने काय शिकवलं?

२६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला आणि १६६ लोक मारले गेले. हल्लेखोर पाकिस्तानातल्या आपल्या म्होरक्यांशी सतत फोनवर होते. ते म्होरके इंटरनेट कॉलिंग वापरत होते, जेणेकरून कॉल कुठून येतोय ते कळू नये. तरीही आपल्या यंत्रणांनी चालू हल्ल्यात ते नंबर पकडले, बोलणं ऐकलं आणि रेकॉर्ड केलं. तेच रेकॉर्डिंग पुढे खटल्यात मोठा पुरावा ठरलं. म्हणजे पाळतीचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. पण ही पाळत ठरावीक नंबरांवर होती. सव्वा कोटी मुंबईकरांच्या फोनवर नव्हती.

आता दुसरी बाजू. समुद्रातून हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेलं लक्ष्य होऊ शकतात, असे इशारे गुप्तचर यंत्रणांकडून आधीच आले होते. माहिती नव्हती असं नाही. ती योग्य माणसापर्यंत योग्य वेळी पोहोचली नाही आणि पोहोचली तिथे पुरेशी हालचाल झाली नाही. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबला जिवंत पकडून दिलं, तेव्हा त्यांच्या हातात फक्त लाठी होती. आपल्या माणसाला बंदुकीसमोर लाठी घेऊन उभं राहावं लागलं. ही कमतरता माझे व्हॉट्सअॅप ग्रुप वाचून भरून निघणार नव्हती.

पुढे महिनाभरात संसदेत कायदे झाले. राष्ट्रीय तपास यंत्रणा म्हणजे एनआयए तयार झाली. यूएपीए कडक झाला : आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडी आणि जामीन फार अवघड. त्याच डिसेंबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातली मोठी दुरुस्ती लोकसभेत चर्चेविनाच मंजूर झाली. हे विधेयक हल्ल्यामुळे जन्माला आलं नव्हतं, ते २००६ पासून पडून होतं. पण इतक्या महत्त्वाच्या गोष्टीवर कोणी थांबून प्रश्न विचारावेत, असं वातावरण तेव्हा नव्हतं.

त्या दुरुस्तीत दोन कलमं होती, जी तुमच्या-माझ्या फोनशी थेट जोडलेली आहेत.

कलम ६९ : सरकार कोणत्याही कॉम्प्युटर किंवा फोनमधली माहिती अडवून पाहण्याचा, एन्क्रिप्शन उघडून देण्याचा आदेश देऊ शकतं. मदत केली नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. हे कलम आजही आहे.

कलम ६६-ए : ऑनलाइन "अत्यंत आक्षेपार्ह" किंवा त्रासदायक काही पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह म्हणजे काय, ते कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं.

चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारला. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. परत वाचा : लाइक केली म्हणून अटक. शेवटी २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ६६-ए पूर्णपणे रद्द केलं.

हे उदाहरण मी एवढ्यासाठी दिलं, की भीतीच्या दिवसांत घाईने मंजूर झालेलं कलम दहशतवाद्यापुरतं राहत नाही. ते कायद्याच्या पुस्तकात बसून राहतं. मग एक दिवस ते कोणाच्या तरी हाताशी येतं आणि पालघरच्या दोन मुलींवर चालतं.

आयफोनची केस : "फक्त एकच फोन उघडा ना!"

२ डिसेंबर २०१५ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे १४ लोकांना गोळ्या घालून मारलं गेलं. हल्लेखोराचा ऑफिसने दिलेला आयफोन ५सी एफबीआयला मिळाला, पण लॉक. दहा वेळा चुकीचा पासकोड टाकला तर सगळा डेटा पुसला जाईल अशी सोय त्यात असू शकत होती.

फेब्रुवारी २०१६ मध्ये कोर्टाने अॅपलला मदत करायचा आदेश दिला. अॅपलने नकार दिला. अनेकांना वाटलं, खुन्याचा फोन उघडायला कसला नकार? पण मागणी नीट बघा. फोन उघडण्याची किल्ली अॅपलकडे नव्हतीच. त्यांना अशी नवीन ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला सांगितलं होतं, जी दहा प्रयत्नांची मर्यादा आणि मधली वाट बघायला लावणारी वेळ काढून टाकेल.

आपल्या सोसायटीच्या भाषेत सांगतो. एका बंद फ्लॅटसाठी बिल्डरला सांगितलं, मास्टर-की बनवून दे. बिल्डर म्हणतो, ती चावी एकदा बनली की सगळ्या इमारतींची दारं उघडतील. आज पोलिसांकडे आहे, उद्या वॉचमनकडे, परवा चोराकडे. आणि मी एका देशाला दिली की दुसरे देशही मागणार.

शेवट काय झाला? मार्च २०१६ मध्ये एफबीआयने बाहेरच्या कोणाच्या तरी मदतीने तो फोन उघडला आणि केस मागे घेतली. मूळ प्रश्नाचा निकाल कोर्टात लागलाच नाही.

आपल्याकडे हाच वाद वेगळ्या रूपात आला. २०२१ च्या आयटी नियमांनी मोठ्या मेसेजिंग अॅपना सांगितलं, की मागणी झाल्यास एखादा मेसेज सर्वात आधी कोणी पाठवला ते शोधून द्या. व्हॉट्सअॅप दिल्ली हायकोर्टात गेलं. त्यांचं म्हणणं, एकाचा माग काढायचा तर प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागेल, मग एन्क्रिप्शनला अर्थ काय राहिला?

सगळ्यांचाच डेटा गोळा केला तर?

बाबांचा पुढचा मुद्दा हाच होता. "सगळ्यांचं बघा म्हणजे कोणी सुटणार नाही."

हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर फक्त ४५ दिवसांत पेट्रियट अॅक्ट आला. त्याच्या कलम २१५ चा आधार घेऊन एनएसए कोट्यवधी सामान्य नागरिकांच्या कॉलचे रेकॉर्ड गोळा करत होती. लोकांना हे कळलं २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेनने कागदपत्रं बाहेर काढल्यावर. मग तिथल्याच सरकारी देखरेख मंडळाने तपासणी केली. जानेवारी २०१४ च्या अहवालात त्यांनी म्हटलं, की दहशतवादाच्या एकाही तपासात या कार्यक्रमामुळे ठोस फरक पडल्याचं उदाहरण सापडलं नाही. जून २०१५ मध्ये कायदा बदलून ही सरसकट वसुली बंद करण्यात आली.

असं का होतं? गवताच्या गंजीत सुई शोधायची आहे आणि तुम्ही रोज आणखी गवत टाकताय. अमेरिकेत आणि २६/११ आधी आपल्याकडेही अडचण माहितीच्या कमतरतेची नव्हती. हातात आलेली माहिती जोडून वेळेवर हलण्याची होती.

भारतात कायदा काय म्हणतो?

थोडक्यात तीन निकाल लक्षात ठेवा.

१९९६ : पीयूसीएल खटला. फोन टॅपिंग मनाला येईल तसं करता येणार नाही, गृहसचिव पातळीचा आदेश हवा आणि त्याची तपासणी समितीने करावी, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

२०१७ : पुट्टस्वामी खटला. नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात शिरायचं असेल तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि उपाय कारणाच्या प्रमाणात हवा. डासाला मारायला तोफ नको.

२०२० : अनुराधा भसीन खटला. काश्मीरमधल्या इंटरनेट बंदीबाबत कोर्टाने सांगितलं, बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश जाहीर करावे लागतील. तरीही तिथे ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दीड वर्ष ऑनलाइन शाळा, बँक आणि धंदा ४जीशिवाय कसा चालला असेल, कल्पना करा.

एक मोठी उणीव मात्र आहे. आपल्याकडे पाळतीचा आदेश देणारे सरकारी अधिकारी आणि तो तपासणारेही सरकारी अधिकारीच. न्यायाधीश मध्ये कुठेच नाही. आणि ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला ती संपल्यावरही कळवलं जात नाही.

मग बाबा गप्प झाले

आता परत ११ जुलैकडे येतो, कारण आमचं भांडण तिथेच येऊन थांबलं.

लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. बाबांनी तेव्हा पेढे आणले होते, मला आठवतं. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. आरोप सिद्ध करण्यात सरकारी पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला, असं कोर्टाने म्हटलं. १२ पैकी एक जण तोवर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं, या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

ही बातमी आम्ही दोघांनी एकत्र पाहिली. नाकाबंदीच्या भांडणाला तीन महिने झाले होते. बराच वेळ बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे एकोणीस वर्षांनी आपल्याला माहीतच नाही, बॉम्ब कोणी ठेवला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण माझं मत त्या संध्याकाळी पक्कं झालं. नागरिकांचे हक्क म्हणजे गुन्हेगारांना दिलेली सवलत नव्हे. पुरावा तपासा, वकील द्या, मारहाण करून कबुली घेऊ नका, आदेशाशिवाय फोन उघडू नका, हे नियम खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. ते पाळले नाहीत तर निरपराध माणसाचं आयुष्य जातं, खरा दोषी मोकळा राहतो आणि त्या गाडीत मेलेल्यांच्या घरच्यांनाही न्याय मिळत नाही.

तर माझं मत काय?

संशयिताच्या फोनवर पाळत ठेवा, जरूर ठेवा. पण नाव किंवा नंबर ठरलेला हवा, कारण लेखी हवं, मुदत हवी आणि शक्यतो न्यायाधीशाची सही हवी. तातडी असेल तर आधी कारवाई करा आणि काही दिवसांत मंजुरी घ्या.

सगळ्यांचा डेटा सरसकट गोळा करणं नको. एन्क्रिप्शनला मागचं दार नको. आणि हल्ल्यानंतर घाईत आणलेल्या प्रत्येक कायद्याला शेवटची तारीख हवी, म्हणजे दोन-तीन वर्षांनी संसदेला तो परत तपासावाच लागेल.

तुम्ही काय करू शकता?

१. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करा. नाहीतर चॅट सुरक्षित आणि क्लाउडवरची कॉपी उघडी, असं होतं. पासवर्ड मात्र विसरू नका.

२. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तपासा. अनोळखी नंबर दिसला तर लगेच तक्रार करा. तुमच्या नावाचं सिम भलत्याच गुन्ह्यात सापडायला नको.

३. पोलिसांनी फोन मागितला तर हुज्जत घालू नका. शांतपणे कारण विचारा, ठाण्याचं नाव लक्षात ठेवा. फोन जप्त केला तर लेखी नोंद मागा. नवीन बीएनएसएस कायद्यात झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायला सांगितलेलं आहे.

४. हल्ला चालू असताना पोलीस किंवा कमांडोंचे व्हिडिओ टाकू नका. २६/११ ला पाकिस्तानातले म्होरके टीव्हीवर लाइव्ह कव्हरेज बघून आत सूचना देत होते. म्हणूनच आता चॅनेलना अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला बंदी आहे. ही बंदी मला पूर्ण पटते. कारण स्पष्ट, वेळ मर्यादित आणि जीव वाचतात. निर्बंध असे असावेत.

५. खात्री नसलेला मेसेज, फोटो, "हाच तो आरोपी" असं लिहिलेला चेहरा फॉरवर्ड करू नका. तुमच्या बोटाने एखाद्या निरपराध माणसाचा जीव जाऊ शकतो.

बाबा अजूनही रोज लोकलने जातात. डब्यात शिरताना वरच्या रॅकवर नजर टाकायची सवय गेलेली नाही. त्यांना परवा मी त्यांच्या फोनमध्ये एन्क्रिप्टेड बॅकअप लावून दिला. "पोलिसांनी मागितला तर दाखवणार मी," ते म्हणाले. "पण कारण विचारेन."

मला तेवढं पुरे आहे.

मित्रांनो, तुमचं मत वेगळं असू शकतं आणि असायलाही हवं. तुमच्यासोबत असं कधी घडलंय का? कमेंटमध्ये नक्की लिहा, फक्त कोणाचं नाव किंवा नंबर टाकू नका. लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर शेअर करा. भेटूया पुढच्या लेखात.